गंध, मन आणि वालधुनीचा काठ

विठ्ठलवाडी स्थानकातून बाहेर पडून लालचक्कीच्या दिशेने चालू लागले की, संध्याकाळच्या वेळी उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये दोन वास एकमेकांत मिसळलेले जाणवतात. एक वास दिवेलागणीचा : उदबत्ती, धूप, हारवाल्याच्या टोपलीतला मोगरा, फरसाणाच्या कढईतले तापलेले तेल. दुसरा नाल्याचा आणि नदीचा. वालधुनीच्या बाजूला खिडकी असलेल्या घरांत ही खिडकी संध्याकाळी लावून घ्यायची आणि आत उदबत्ती पेटवायची, हा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. उदबत्तीने प्रसन्न वाटते, असे घरातली माणसे सांगतात. ते खोटे नाही. सुगंधाचा मनावर परिणाम होतो, याला आता प्रयोगशाळेतील आधारही मिळू लागला आहे. मात्र तो परिणाम नेमका कशावर होतो आणि कशावर होत नाही, हे कळून घेण्याची गरज या भागातील नागरिकांइतकी क्वचितच कोणाला असेल.

गेल्या काही वर्षांत ‘अरोमाथेरपी’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत चांगलाच रुळला आहे. लव्हेंडरने झोप लागते, लिंबाच्या तेलाने उत्साह येतो, निलगिरीने श्वास मोकळा होतो, असे दावे औषधांच्या दुकानांतील बाटल्यांपासून मोबाईलवरील संदेशांपर्यंत सर्वत्र वाचायला मिळतात. शब्द नवा असला तरी व्यवहार जुना आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणांसाठी ‘गंधयुक्ति’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी गेल्या शतकाच्या मध्यास ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ या ग्रंथांचे हस्तलिखित अभ्यासकांपुढे आणले. त्यातील ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. म्हणजे सुगंध कसा करावा याचे शास्त्र मराठीत लिहून ठेवण्याची गरज कोणा जुन्या जाणकाराला वाटली होती. आधुनिक काळात हा वारसा कारखान्यांत गेला. एस. एच. केळकर आणि कंपनी ही सुगंधी द्रव्ये बनविणारी कंपनी १९२२ पासूनची, तर केळकर ट्रस्टचे मुलुंड येथील वझे महाविद्यालय सुगंध व सौंदर्यप्रसाधने या विषयाच्या शिक्षणासाठी ओळखले जाते. मुलुंड आणि विठ्ठलवाडी एकाच मध्य रेल्वेच्या मार्गावर आहेत.

‘अरोमाथेरपी’ हे नाव मात्र फ्रान्समधले. लिआँ शहरातील सुगंधी द्रव्यांच्या घराण्यातील रसायनतज्ज्ञ रने-मॉरिस गातफोसे हे १९१० मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात भाजले. जखमा चिघळल्यावर त्यांनी लव्हेंडरचे तेल वापरून पाहिले आणि गुण आला असे त्यांना वाटले. पुढे १९३७ मध्ये त्यांनी ‘अरोमाथेरापी’ याच नावाचे पुस्तक लिहिले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांचा अनुभव जखमेवर लावलेल्या तेलाचा होता, हुंगलेल्या वासाचा नव्हे. मनःशांतीचा भाग या शास्त्रात नंतर आला आणि आज तोच सर्वाधिक विकला जातो.

नाकापासून मेंदूपर्यंत

वास म्हणजे हवेत तरंगणारे रेणू. ते नाकाच्या वरच्या भागातील, टपाल तिकिटाएवढ्या पडद्यावर जाऊन पोहोचतात. तेथील चेतापेशींवर वेगवेगळ्या आकाराच्या रेणूंना ओळखणारे ग्राहक असतात. माणसात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार कार्यरत आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये या ग्राहकांची जनुके शोधून काढली आणि २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. एक रेणू अनेक ग्राहकांना कमी-अधिक प्रमाणात जागे करतो. पेटीवर एकाच वेळी अनेक पट्ट्या दाबाव्यात तसा हा प्रकार असतो. ही जुळणी ओळखून मेंदू ‘मोगरा’ किंवा ‘रॉकेल’ असा निवाडा देतो.

डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले आधी मेंदूतील थॅलॅमस नावाच्या केंद्रात जाते व तेथून पुढे वाटले जाते. वासाची वाट वेगळी आहे. गंधाचे संदेश या केंद्राकडे न थांबता थेट भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांत, म्हणजे अमिग्डाला आणि त्याच्या शेजारच्या भागांत शिरतात. त्यामुळे कशाचा वास आहे हे कळण्याआधीच तो आवडला की नाही हे ठरलेले असते. एखाद्या वासाने वीस वर्षांपूर्वीची गोष्ट अचानक डोळ्यांपुढे उभी राहते, त्याचे कारणही हेच मानले जाते.

दिवाळीच्या पहाटेचे उटणे आणि मोती साबण यांचा वास हे त्याचे मराठी घरातले सर्वांत सोपे उदाहरण. त्या साबणात मन प्रसन्न करणारे कोणतेही औषध नाही. पण वर्षातून एकदाच, थंडीत, फटाक्यांच्या आवाजात आणि फराळाच्या ओढीने ज्यांनी तो वास अनुभवला, त्यांच्या मेंदूत वास आणि आनंद एकत्र बांधले गेले आहेत. परदेशात वाढलेल्या मुलाला तोच साबण दिला तर त्याला तो फक्त एक साबण वाटेल. सुगंधाचा परिणाम कसा होतो याचा मोठा हिस्सा या एका उदाहरणात सामावलेला आहे. पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधाचेही तसेच. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९६४ मध्ये त्याला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. त्याआधी कितीतरी वर्षे उत्तर प्रदेशातील कनौजचे अत्तारी भाजलेल्या मातीपासून ‘मिट्टी का अत्तर’ काढत होते. मे महिन्यात भाजून निघालेल्या माणसाला हा वास जितका सुखावतो, तितका तो बारमाही पावसाच्या देशातल्या माणसाला सुखावेलच असे नाही.

लव्हेंडर, धणे आणि लिंबू

मग सगळा खेळ आठवणींचाच का? तसेही नाही. लव्हेंडरच्या तेलातील एक प्रमुख घटक म्हणजे लिनॅलूल. जपानमधील कागोशिमा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, लिनॅलूलचा वास घेतलेल्या उंदरांची भीती कमी झाल्याचे आढळले. ज्या उंदरांची वासाची क्षमता नष्ट केली होती त्यांच्यावर मात्र परिणाम झाला नाही. म्हणजे तो रेणू फुप्फुसांतून रक्तात गेला म्हणून नव्हे, तर नाकाने ओळखला म्हणून परिणाम झाला. चिंतेवरील नेहमीच्या गोळ्या मेंदूतील ज्या ग्राहकांवर काम करतात, ते ग्राहक औषधाने बंद केल्यावरही परिणाम नाहीसा झाला. उंदरांना दिवाळी ठाऊक नसते, ‘लव्हेंडरने शांत वाटते’ ही जाहिरातही त्यांनी वाचलेली नसते. म्हणून या प्रयोगाचे महत्त्व.

हेच लिनॅलूल धण्यांच्या तेलातही मुख्य घटक म्हणून असते. कोरडे धणे तव्यावर भाजताना स्वयंपाकघरात जो गोडसर, उबदार वास सुटतो, त्यात त्याचा वाटा आहे. लव्हेंडरची छोटी बाटली शेकडो रुपयांना विकत घेणाऱ्या ग्राहकाला हे दुकानदार सहसा सांगत नाही. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनिन असते, लवंगेत युजेनॉल, निलगिरीत सिनिऑल, ओव्यात थायमॉल, गवती चहात सिट्रल. मराठी स्वयंपाकघरात जवळपास अख्खे अरोमाथेरपीचे कपाट डब्यांत भरून ठेवलेले असते.

माणसांवरील प्रयोगांचे निकाल इतके सरळ नाहीत. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५६ निरोगी व्यक्तींना लिंबाचे तेल, लव्हेंडरचे तेल आणि केवळ पाणी असे तीन वेगवेगळ्या दिवशी हुंगायला दिले गेले. निम्म्यांना कोणत्या वासाने काय होईल हे आधी सांगितले, निम्म्यांना काहीच सांगितले नाही. लिंबाच्या वासाने मनःस्थिती सुधारल्याचे दिसले आणि ते आधी सांगितलेल्या-न सांगितलेल्या दोन्ही गटांत दिसले. लव्हेंडरने मात्र मनःस्थितीत तसा फरक पडला नाही. शिवाय वेदना, जखम भरून येण्याचा वेग, प्रतिकारशक्तीची लक्षणे यांपैकी कशातही दोन्हींपैकी एकाही तेलाचा फायदा आढळला नाही. मन प्रसन्न झाले, शरीर मात्र होते तेथेच राहिले. सुगंधाच्या बाजारात हा फरक नेमका पुसला जातो.

निलगिरी आणि मेंथॉल यांचे प्रकरण याहून गमतीचे आहे. सर्दीत पुदिन्याच्या अर्काचा वास घेतला की नाक उघडल्यासारखे वाटते. नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजली तर ती वाढलेली नसते. मेंथॉल नाकातील थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना जागे करते आणि थंड हवा आत गेल्याचा संदेश मेंदूला मिळतो. थंडी आणि उष्णता ओळखणाऱ्या अशा ग्राहकांवरील संशोधनाला २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णाला बरे वाटते, हे खरेच. पण नाक चोंदलेलेच असते.

या फरकाची किंमत एप्रिल २०२१ मध्ये अनेकांना मोजावी लागण्याची वेळ आली होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रांगा लागल्या असताना कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाची पुरचुंडी हुंगल्यास रक्तातील प्राणवायू वाढतो, असा संदेश घराघरांत फिरला. त्याला वैद्यकीय आधार नव्हता. मेंथॉलच्या बाबतीत जे घडते तेच येथेही घडत होते : श्वास मोकळा झाल्यासारखे वाटणे आणि प्राणवायू वाढणे या दोन निराळ्या गोष्टी. दम लागलेल्या रुग्णाला बरे वाटले म्हणून रुग्णालयात नेण्यास उशीर झाला तर ती पुरचुंडी निरुपद्रवी राहत नाही. त्यातच कापूर हा विषारी पदार्थ आहे. अगदी थोडा पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. कापूर आणि निलगिरी यांच्या तेलांचा आणि फिट्स येण्याचा संबंध बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी रुग्णांच्या नोंदींतून दाखवून दिला आहे. तान्ह्या बाळाच्या छातीला कापूर घातलेले तेल चोळणे किंवा नाकाशी पुरचुंडी बांधणे टाळलेलेच बरे.

वालधुनीचा वास

उल्हासनगरकडे वळताना थोडा इतिहास आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बरॅकींमध्ये फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना वसविण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र पत्त्यांतून कधी गेला नाही. या शहराच्या पोटातून जाणारी नदी उल्हास नव्हे, वालधुनी. अंबरनाथकडून ती उल्हासनगरात येते, कल्याणच्या दिशेने जाते आणि पुढे खाडीला मिळते. तिच्याच काठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे. शिलाहारांच्या काळातील या मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. मंदिर बांधणाऱ्यांनी ती जागा निवडली तेव्हा नदीचे पाणी कसे असेल, याची आज कल्पनाच करावी लागते.

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर येथील कारखाने आणि वस्त्यांचे सांडपाणी या खोऱ्यात येत राहिले. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविरोधात राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि पुढे हा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शहरात जीन्स रंगविण्याचे आणि धुण्याचे कारखाने होते, त्यांच्यावरही कारवाई झाली. न्यायालयीन लढ्याचा हा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

वासाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीची. वडोलगाव परिसरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडले गेले. त्यातून निघालेल्या वायूने काठावरच्या वस्तीतील लोकांचे डोळे चुरचुरू लागले, उलट्या सुरू झाल्या, श्वास घेणे कठीण झाले आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या घटनेनंतर वालधुनीकाठी एखादा अनोळखी उग्र वास आला की घराघरांतून माणसे बाहेर येऊन एकमेकांना विचारू लागतात. ही भीती निराधार नाही आणि तिचा संबंध गंधविज्ञानाशी थेट आहे.

फिलाडेल्फिया येथील मोनेल केंद्र हे चव आणि वास यांवर संशोधन करणारे जगातील नामवंत ठिकाण. तेथील पामेला डाल्टन यांनी १९९० च्या दशकात लोकांना खोलीत बसवून एकच वास दिला. काहींना सांगितले की हा नैसर्गिक अर्क आहे, काहींना सांगितले की हे घातक औद्योगिक रसायन आहे. नैसर्गिक म्हणून सांगितलेल्यांना थोड्या वेळाने तो वास जाणवेनासा झाला. नाक सरावते ते असेच. घातक म्हणून सांगितलेल्यांना मात्र तो कमी झाल्यासारखा वाटला नाही आणि डोकेदुखी, घशात खवखव अशा तक्रारी त्यांनीच अधिक केल्या. रसायन तेच, मात्रा तीच.

हा निष्कर्ष कारखानदारांच्या सोयीचा आहे आणि तो अनेकदा तसा वापरलाही जातो : ‘लोकांच्या मनाचे खेळ आहेत.’ त्यात दोन चुका आहेत. पहिली, मनाचे असले म्हणून ते दुखणे खोटे ठरत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात डुक्करपालनाच्या मोठ्या केंद्रांशेजारी राहणाऱ्या लोकांचा सुझन शिफमन यांनी १९९५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. दुर्गंधी येते तेव्हा या लोकांमध्ये ताण, उदासी, राग आणि थकवा इतरांपेक्षा अधिक आढळला. ज्या वासावर आपला कोणताही ताबा नाही, जो जेवताना, झोपताना, पाहुणे आले असताना केव्हाही घरात शिरतो, तो माणसाला खंगवतो. पाहुण्यांपुढे वाटणारा संकोच तर कोणत्याही तपासणीत मोजला जात नाही. दुसरी चूक अशी की, अनेक रसायने वासाच्या चेतातंतूंखेरीज डोळे, नाक आणि घसा यांतील जळजळ ओळखणाऱ्या चेतातंतूंनाही उद्दीपित करतात. डोळ्यांत पाणी येणे हा त्या वेळी कल्पनेचा भाग राहत नाही.

पहाटेचा उग्र वास

वालधुनीचा नेहमीचा वास, सडक्या अंड्यांसारखा, हा मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. पाण्यातला प्राणवायू संपला की त्याशिवाय जगणारे जीवाणू सांडपाण्यातील सल्फेटचे रूपांतर या वायूत करतात. पावसाळ्यात प्रवाह वाढला की वास कमी होतो आणि उन्हाळ्यात पाणी साचले की वाढतो, हे त्यामुळेच. हिवाळ्यात पहाटे तो विशेष तीव्र वाटतो याचे कारण निराळे आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची थंड हवा जड असते आणि वरच्या उबदार थराखाली ती झाकण घातल्यासारखी अडकते. त्याच हवेत नदीतून निघणारा वायू साचत जातो. ऊन चढले की झाकण उघडते.

या वायूबाबत एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. माणसाच्या नाकाला तो हवेच्या एक अब्ज भागांत काही मोजके भाग इतक्या अल्प प्रमाणातही कळतो. पण प्रमाण वाढत दशलक्ष भागांत १०० भागांच्या आसपास गेले की घ्राणचेता बधिर होते आणि वास येणे बंद होते. नेमके तेव्हाच तो सर्वाधिक घातक असतो. बंद गटारात उतरलेले सफाई कामगार गुदमरून मरण पावतात, त्यांतील कित्येक घटनांमागे हाच वायू असतो. ‘आता वास येत नाही, म्हणजे गेला’ असे समजून आत उतरणे जिवावर बेतते. उघड्या नदीकाठी प्रमाण सहसा इतके वाढत नाही, पण बंद टाक्या, मॅनहोल आणि तळघरांसाठी ही सूचना आहे.

सुगंधाने दुर्गंध झाकण्याचा प्रयत्नही येथे तपासून पाहायला हवा. उदबत्तीच्या वासाने मेंदूचे लक्ष दुसरीकडे जाते, पण नदीकडून आलेला वायू खोलीतच असतो. त्यात धुराची भर पडते. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत सोडते, तर सिगारेटमधून एका ग्रॅममागे सुमारे १० मिलिग्रॅम कण निघतात, असे या विषयावरील संशोधन सांगते. याचा अर्थ उदबत्ती सिगारेटइतकी घातक असा नाही. सिगारेटचा धूर माणूस थेट छातीत ओढतो. पण दहा बाय दहाच्या खोलीत खिडकी लावून, दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल घरात असताना रोज दोन-तीन काड्या जाळणे निश्चितच त्रासदायक आहे. बिनधुराची तेले विजेच्या दिव्यावर तापविण्याचा पर्याय बरा, तरी निर्दोष नाही. लिंबू-संत्र्याच्या तेलातील लिमोनिन हवेतील ओझोनशी संयोग पावते आणि त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखे त्रासदायक पदार्थ अल्प प्रमाणात तयार होतात. सुगंध वापरायचाच तर हवा खेळती असताना, थोडा वेळ आणि थोडा वापरावा. नदीचा वास घटल्यावर, दुपारी, खिडक्या उघडून घर हवेशीर करणे कोणत्याही तेलापेक्षा उपयोगी.

गेलेला वास

वास नकोसा होणाऱ्या या शहरातच २०२० आणि २०२१ मध्ये वास अजिबात न येण्याचा अनुभवही अनेकांनी घेतला. करोनाने घ्राणशक्ती गेलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांची ती काही आठवड्यांत परतली, काहींची मात्र दीर्घकाळ परतली नाही. जेवणाला चव नाही, स्वतःच्या घराचा वास नाही, दूध उतू जाऊन जळले तरी कळत नाही. अशा रुग्णांमध्ये उदासीनता वाढते, हे जगभर नोंदले गेले. गंधाचा मनाशी किती घट्ट संबंध आहे याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

आणि येथेच सुगंधी तेलांचा एक खराखुरा उपयोग आढळतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘गंधसरावा’ची पद्धत प्रसिद्ध केली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळी आणि रात्री, प्रत्येकी काही सेकंद, लक्ष देऊन हुंगायचे आणि हा क्रम १२ आठवडे चालू ठेवायचा. ज्यांनी सराव केला त्यांची घ्राणशक्ती सराव न करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. नाकातील गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात आणि सरावाने त्यांना पुन्हा जोडून घेण्यास मदत होते, असे मानले जाते. यासाठी महागडा संच लागत नाही. गुलाबपाणी, निलगिरीचे तेल, लिंबाची ताजी साल आणि ठेचलेली लवंग पुरेशी आहे. तेल नाकात घालायचे नाही, केवळ दुरून हुंगायचे. नाकाचा त्रास दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखविणे मात्र आवश्यक.

कॅम्प ४ मधील नाकांना वेगळेच काम आहे. देशात २००९ मध्ये ठरविलेल्या हवेच्या गुणवत्तेच्या मानकांत १२ प्रदूषकांचा समावेश आहे. त्यात अमोनिया आणि बेंझीन आहेत, हायड्रोजन सल्फाइड नाही. त्यामुळे हवा निर्देशांकाचा आकडा ‘समाधानकारक’ दिसत असतानाही वालधुनीकाठी नाक धरून चालावे लागू शकते. यंत्र जे मोजत नाही, त्याची पहिली नोंद माणसाच्या नाकातच होते. वास आला की खिडकी लावून उदबत्ती पेटविली, तर ती नोंद तेथेच संपते.

तक्रार करताना ‘फार घाण वास येतो’ एवढे लिहून उपयोग होत नाही, कारण अधिकारी येईपर्यंत वास निघून गेलेला असतो. वास आल्याची तारीख आणि वेळ, तो किती वेळ टिकला, वारा कोणत्या दिशेने होता, वास कशासारखा होता (सडकी अंडी, थिनर, ब्लीचिंग पावडर की जळके रबर), पाण्याला रंग किंवा फेस होता का, डोळे-घसा चुरचुरले का, हे सारे एका वहीत लिहून ठेवावे. एकाच रात्रीची अशी नोंद चार-पाच घरांतून मिळाली तर टँकर कोठे रिकामा झाला याचा माग काढणे सोपे जाते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय कल्याणमध्ये आहे आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षालाही अशी माहिती देता येते. डोळ्यांची आग आणि श्वासाचा त्रास एकाच वेळी अनेकांना होऊ लागला तर वहीची वाट न पाहता ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा, ओला रुमाल नाकाला धरून नदीपासून दूर, वाऱ्याच्या आडव्या दिशेने आणि उंच जागेकडे निघावे. आग लागण्याजोगे वायूही त्यात असू शकतात, म्हणून अशा वेळी देवघरातला दिवा आणि उदबत्ती आधी विझवावी.